पॅनेल, तुरुंग, शिबिर आणि खासगी प्रॅक्टिस : तीन वर्षं झालेल्या वकिलाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तीन वर्षं सिनिअरकडे काढली, बहुतेक दिवस तारखा घेण्यात आणि नकलेचे अर्ज देण्यात गेले, बरोबरचे मित्र कंपन्यांत लागले, तर कोर्टातच राहावं का? आणि दुसरं, मोठे वकील विधी सेवेच्या पॅनेलवर (गरजूंना मोफत मिळणाऱ्या वकिलांच्या यादीवर), शिबिरांत, संस्थांच्या ट्रस्टवर दिसतात. त्याने प्रॅक्टिस बुडते की वाढते, आणि आत्ताच त्यात पडावं का?

मी जिल्हा न्यायालयात मुख्यतः दिवाणी आणि जोडीला फौजदारी काम करतो. पॅनेलवर आहे, तुरुंगभेटीला जातो, दोन-तीन जुन्या संस्थांचे कागद सांभाळतो. त्यामुळे माझं मत एकतर्फी असू शकतं, ते आधीच सांगून टाकतो. वकिलाने समाजाला द्यायची गोष्ट म्हणजे त्याची वकिली. व्यासपीठावर बसणं, देणगी देणं, दीपप्रज्वलन करणं ही कामं डॉक्टरही करतात आणि बिल्डरही करतात. समोर ठेवलेला कागद वाचून त्या माणसाला 'तुझ्या केसमध्ये दम नाही' किंवा 'आजच अर्ज टाक, मुदत संपत आलीय' असं सांगणं मात्र आपल्यालाच जमतं. आणि ते जमायला आधी कोर्टात मुरावं लागतं. म्हणून तुमचे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

आधी तारखांचं. तारीख घेणं हे किरकोळ काम आहे, मान्य. पण तारीख घ्यायला उभं राहताना फाईल हातात असते आणि ती वाचायला कुणी मनाई केलेली नाही. बरेच ज्युनिअर शेवटचा रोजनामा (त्या तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद) बघतात, 'सिनिअर हायकोर्टात आहेत' म्हणतात आणि तारीख घेऊन बाररूममध्ये येतात. दावा कशाचा, कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, काय नाकारलंय, मुद्दे कोणते निघालेत, निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, काय हुकूम झाला, पत्ता नसतो. पुकारा होईपर्यंत तासभर बसायचंच असतं. त्या तासात दावा आणि कैफियत शेजारी-शेजारी ठेवून परिच्छेदवार ताळा घालून बघा. कोणता परिच्छेद नुसता 'खोटा आहे, मान्य नाही' म्हणून उडवलाय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ८ ला असं मोघम नाकारणं चालत नाही. जे नेमकेपणाने नाकारलं नाही ते कबूल धरता येतं. कित्येक कैफियती नेमक्या इथेच गळतात, आणि हे भोक ज्याला आधी दिसतं त्याचा उलटतपास निम्मा तयार असतो.

उलटतपास शिकायचा तर दुसऱ्यांच्या उलटतपासाला जाऊन बसा. २००२ पासून सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर येतो, त्यामुळे दिवाणी कोर्टात साक्षीदाराच्या तोंडून ऐकायला मिळतो तो प्रामुख्याने उलटतपासच. तिथे काय विचारलं यापेक्षा कुठे थांबले याकडे लक्ष ठेवा. एक नमुना देतो. आप्पा नावाच्या गृहस्थांच्या मृत्युपत्रावरून वाद आहे, आपण ते नाकारणाऱ्या बाजूने आहोत. समोरच्याचा साक्षीदार, म्हणजे मृत्युपत्रावर सही केलेला गावातला माणूस, पिंजऱ्यात उभा आहे. टायपिस्टकडे आधी कोण पोचलं, मजकूर कुणी सांगितला, कोण कुठे बसलं होतं, असे बिनत्रासाचे प्रश्न होतात आणि तो बोलून जातो, 'मी पोचलो तेव्हा आप्पांची सही झालेली होती.'

इथे थांबायचं. बसून घ्यायचं, किंवा पुढच्या विषयाला हात घालायचा. पण नवा वकील हरखतो आणि तोंडाशी आलेला प्रश्न विचारून टाकतो, 'म्हणजे सही होताना न बघताच तुम्ही साक्षीदार म्हणून सही केलीत?' साक्षीदार सरळ उत्तर देतो, 'आप्पांनी मला सही दाखवली, म्हणाले ही माझीच, तुम्ही साक्षीला करा. मग त्यांच्यासमोर मी केली.' झालं! भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ ला साक्षीदाराने सही होताना पाहिलीच पाहिजे असा आग्रह नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने 'ही माझी सही' असं स्वतः त्याच्याजवळ कबूल केलं आणि साक्षीदाराने त्याच्यासमोर सही केली तरी चालतं. समोरच्याचं लंगडं मृत्युपत्र आपल्या प्रश्नाने पायावर उभं राहिलं. समोरचा वकील जागा असेल तर तो फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, हे काढून घेईलच. पण ते त्याचं काम आहे, त्याची फी त्याने घेतलीय.

हे असलं काही बघताना अंगावर काटा येत असेल, रात्री घरी गेल्यावर 'मी असतो तर काय विचारलं असतं' हे डोक्यात फिरत असेल, तर तुम्ही कोर्टातलेच. त्याऐवजी उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो आणि तीन वर्षांनीही तो कमी झालेला नाही, असं असेल तर कंपनीतलं काम वाईट नाही. करारनामे नीट लिहिणारा वकील शंभर दावे होण्याआधीच मोडतो. त्यात कमीपणा मानू नका. पैशामुळे सोडायचं म्हणत असाल तर वेगळा सल्ला देईन. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावं अशी शिफारस केली. बंधन नाही, नुसती शिफारस, आणि ती किती पाळली जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. सिनिअर पेट्रोलपुरतेही देत नसतील आणि फाईलही हाताला लागू देत नसतील, तर आधी सिनिअर बदला. वकिली सोडण्याचा विचार त्यानंतर.

आता दुसरा भाग.

'वकील आणि समाजकार्य' म्हटलं की आपल्याकडे भाषणात गांधी-आंबेडकरांची नावं येतात. मला मात्र कामाच्या दृष्टीने सार्वजनिक काका जवळचे वाटतात. गणेश वासुदेव जोशी, पुण्यातले वकील. १८७० मध्ये सार्वजनिक सभा उभी केली, लोकांनी सरकारी कोर्टांत पैसा आणि वर्षं घालवू नयेत म्हणून लवाद कोर्टाचा खटाटोप केला आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला तेव्हा त्यांची बाजू घेऊन उभे राहिले. त्या वर्षी पुण्यात फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करून बघा. या तिन्ही गोष्टींत त्यांनी वापरलं ते आपलंच हत्यार : अर्ज, लवाद, वकीलपत्र.

नको असलेल्या आरोपीचं वकीलपत्र हा आजही कळीचा मुद्दा आहे. एखादा किळसवाणा गुन्हा घडतो, गाव पेटतं आणि बार असोसिएशन ठराव करून मोकळी होते की आमच्यातला कुणीही आरोपीसाठी उभा राहणार नाही. २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. तरीही ते होतात, टाळ्या मिळतात, आणि प्रत्यक्षात काय होतं? आरोपीला वकील मिळायला उशीर लागतो, खटला रेंगाळतो, घाईने नेमलेल्या वकिलाला तयारीला वेळ न मिळाल्याने अपिलात फेरसुनावणीचा मुद्दा उभा राहतो. २०१९ च्या अनोखीलाल निकालात नेमकं हेच झालं : वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले गेले आणि खटला पंधरवड्यात उरकला, म्हणून फाशीची शिक्षा रद्द होऊन खटला पुन्हा चालवण्याचा हुकूम झाला. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा खटल्यात न्यायालयाने नेमायचा वकील किमान दहा वर्षं प्रॅक्टिस केलेला असावा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असं त्या निकालाने घालून दिलं. पीडितेच्या घरच्यांना पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, हा त्या ठरावांच्या टाळ्यांचा हिशोब. तुम्ही असल्या खटल्यात आत्ता उभे राहू नका, दहा वर्षांची अट उगाच नाही. पण ठरावावर सही मागायला कागद आला तर करू नका.

विधी सेवेचा कायदेशीर सांगाडा तुम्हाला परीक्षेपुरता माहीत असेलच. घटनेतलं मोफत विधी सहाय्याचं कलम ३९अ १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं लागतं. पक्षकारांना यातलं सगळ्यात कमी माहीत असतं ते हे, की बाई नोकरी करणारी असली, पगार चांगला असला, तरी ती पात्र असते. हेल्पलाईनचा १५१०० हा नंबर तुमच्या टेबलावर चिकटवून ठेवा.

मात्र या सगळ्याची मुळं समजून घ्यायची तर १९७८ चा होसकोट निकाल वाचा. महाराष्ट्रातलंच प्रकरण. हायकोर्टाने शिक्षा दिली आणि निकालाची मोफत नक्कल येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली. कैद्याचं म्हणणं, मला ती मिळालीच नाही. आणि मिळाल्याची त्याची सही कुठल्याही कागदावर नव्हती. सर्वोच्च न्यायालयात यायला त्याला चार वर्षांहून जास्त उशीर झाला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावरून कैद्याला नक्कल लेखी पोच घेऊन द्यावी आणि अपिलासाठी मोफत वकील मिळावा हे ठरवून टाकलं. केवढा मोठा हक्क, आणि निघाला कशातून, तर पोच नसलेल्या एका नकलेतून. तुम्ही ज्या नकलेच्या अर्जांना कंटाळलात ना, त्यांचं वजन हे असं असतं.

पॅनेलचं म्हणाल तर साधारण तीन वर्षं प्रॅक्टिस झाल्याशिवाय नाव घेत नाहीत. म्हणजे तुमची वेळ आत्ताच आली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, अर्ज द्या. २०२२ पासून बऱ्याच जिल्ह्यांत फौजदारी विधी सहाय्य प्राधिकरणाने नेमलेल्या पूर्णवेळ बचाव वकिलांकडे (डिफेन्स कौन्सिल) गेलं आहे, त्यामुळे पॅनेलवर तुमच्या वाट्याला दिवाणी, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार अशी कामं जास्त येतील. मानधन कमी असतं आणि बिल निघायला वेळ लागतो. ज्याला हे चालणार नाही त्याने अर्जच करू नये. वाईट एवढंच असतं की काही जण नेमणूक घेतात आणि त्या फाईलला कपाटात सगळ्यात खालचा खण देतात. खासगी काम लागलं की पॅनेलच्या केसमध्ये तारीख. त्या पोटगीच्या अर्जातली बाई दर तारखेला एसटीचं भाडं खर्चून, रोज बुडवून आलेली असते. आणि तिच्याकडून एक रुपयाही मागायचा नाही. 'झेरॉक्सचे द्या' असंसुद्धा नाही.

पॅनेलचा तुम्हाला फायदा काय, हे विचारायला लाजू नका. फायदा हा, की फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमची असते. वकीलपत्र तुमचं, से (समोरच्या अर्जाला लेखी उत्तर) तुमचा, उलटतपास तुमचा, युक्तिवाद तुमचा. सिनिअरच्या ऑफिसात ही संधी यायला आणखी पाच वर्षं लागतील. पण फाईल एकट्याने चालवायची म्हणजे सल्लाही एकट्याने घ्यायचा असं नाही. उलटतपासाच्या आदल्या संध्याकाळी प्रश्न लिहून सिनिअरना दाखवा. कुठलाही चांगला सिनिअर नाही म्हणणार नाही.

तुरुंगभेट हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि तिथेच तरुण वकील कमी दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, कच्चे कैदी (खटला अजून संपलेला नसलेले) आत असतात कारण कोर्ट जामीन देत नाही. आत गेल्यावर दिसतं की काही जणांना जामीन मंजूर होऊन महिने लोटलेत, माणूस आतच आहे. कारण जामीनदार नाही. जामीनदाराला ऐपतीचा पुरावा लागतो, घरपट्टीची पावती, सातबारा, रेशनकार्ड लागतं, आणि हा परप्रांतातला बांधकाम मजूर, त्याला या जिल्ह्यात ओळखणारा एक मुकादम, तोही फोन उचलत नाही. इथे मोठी कायदेशीर विद्वत्ता लागत नाही. जामीनदाराची अट शिथिल करून वैयक्तिक बंधपत्रावर किंवा रोख रकमेवर सोडण्याचा एक पानी अर्ज लागतो. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की जामीन मंजूर होऊन महिन्याभरात बंधपत्र दिलं गेलं नाही, तर संबंधित कोर्ट स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकतं. अर्जात हे लिहा, सोबत आदेशाची प्रत जोडा.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४३६अ ची जागा यानं घेतली. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की कच्चा कैदी सुटकेला पात्र होतो, आणि ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही त्याला एक-तृतीयांश पुरतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका होत नाही. कैदी तुम्हाला सांगेल 'साहेब, एकच केस आहे'. त्याच्यावर अविश्वास दाखवू नका, पण तुरुंगातलं वॉरंट (त्याला कोणत्या गुन्ह्यात आत ठेवलंय तो कागद) बघितल्याशिवाय अर्जही लिहू नका. बऱ्याचदा त्याला स्वतःलाच माहीत नसतं की दुसऱ्या तालुक्यातल्या गुन्ह्यातही त्याला आरोपी दाखवलंय.

शिबिरांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. स्वागत, हार, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, 'कायद्याचं ज्ञान ही काळाची गरज', आभार. दोन तास गेले. समोरच्या बायका अंगणवाडी सेविकेने आणून बसवल्या म्हणून बसलेल्या. त्याऐवजी मंडपाच्या कडेला टेबल टाका, दोन वकील बसा, आणि कागद घेऊन या म्हणून आधी दवंडी द्या. त्या टेबलावर पहिल्या अर्ध्या तासात काय येतं ते सांगतो : हक्कसोड पत्र, म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त.

भावाने बहिणीला तालुक्याला नेलेलं असतं. 'बाबांच्या नावावरून सातबारा आपल्या नावावर करायचाय, सह्या लागतात' म्हणून सांगितलेलं असतं. तिने रजिस्ट्रारसमोर सही केली, फोटो दिला, अंगठा दिला, घरी आली. पाच-सात वर्षांनी जमीन रस्त्यात गेली आणि मोबदल्याच्या यादीत तिचं नाव नाही. आता ती विचारते, माझा हक्क होता का? होता. महाराष्ट्राने मुलीला एकत्र कुटुंबात सहदायक (जन्मापासूनची हिस्सेदार) म्हणून १९९४ मध्येच हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ ला हयात असण्याची अट काढून टाकली. पण हे सगळं ऐकवून तिला आनंदी करू नका. तिचा खरा प्रश्न पुढचा आहे. तिने नोंदणीकृत दस्त करून दिलाय. फसवणूक झाली असेल तर तो रद्द करायला दावा लागेल, त्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, आणि 'कधी कळलं' हे पुराव्याने सांगावं लागेल. दुसरीकडे, कित्येकींनी दस्त केलेलाच नसतो, नुसत्या तलाठ्याकडच्या जबाबावर सही असते आणि फेरफार झालेला असतो. तिथे चित्र वेगळं. फेरफार हा महसुलाच्या सोयीचा कागद, त्याने मालकी जात नाही. म्हणून टेबलावर पहिला प्रश्न एकच : सही कुठे केलीत, रजिस्ट्रार ऑफिसात की तलाठ्यापुढे? या एका उत्तरावर तिची केस कुठल्या वाटेने जाणार हे ठरतं. हे व्याख्यानातून सांगता येत नाही.

तिथे भेटलेल्या माणसाला 'ऑफिसला या' म्हणून कार्ड देऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांत काम मागायला आणि जाहिरातीला मनाई आहे हे तर आहेच, पण एकदा कार्ड वाटलंत की गावात तुमचा सल्ला हा धंद्याचा सल्ला होतो. मी स्वतःपुरता नियम केलाय : शिबिरात भेटलेल्या पक्षकाराचं त्याच वादातलं खासगी वकीलपत्र घ्यायचं नाही, प्राधिकरणाकडे पाठवायचं. प्रॅक्टिस वाढते का, असं तुम्ही विचारलंत. वाढते, पण आडमार्गाने. ज्याला तुम्ही 'केस करू नका, हराल' असं सांगितलं, तो दहा जणांना तुमचं नाव सांगतो.

लोकअदालतीबद्दल थोडक्यात. तडजोड झाली की निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा, कोर्ट फी परत, अपील नाही. यातलं 'अपील नाही' हे पक्षकाराला सही करण्याआधी समजावून सांगा, वाचून दाखवा, आणि त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून परत वदवून घ्या. लोकअदालतीच्या दिवशी आकड्यांची घाई असते. तुमच्या पक्षकाराची केस त्या आकड्यात जायलाच हवी असं नाही.

संस्थांवर बसण्याबद्दल विचारलंत. वकील झालात की वाचनालय, तालीम, शिक्षणसंस्था, मंडळ सगळे 'साहेब, विश्वस्त व्हा' म्हणून येतात. होण्याआधी बार कौन्सिलच्या वर्तणूक नियमांतला आठवा नियम वाचा. ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर तुम्ही आहात तिच्या बाजूने किंवा विरुद्ध तुम्हाला वकील म्हणून उभं राहता येत नाही. म्हणजे विश्वस्त व्हा किंवा वकील व्हा. मी वकील राहणं पसंत करतो, कारण या संस्थांना खुर्चीवरच्या माणसापेक्षा कागद सांभाळणाऱ्याची गरज जास्त असते. गावोगावच्या जुन्या ट्रस्टमध्ये दोन-दोन गट भांडताना दिसतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा एकच सापडतं : विश्वस्त बदलल्याचे बदल अर्जच दिलेले नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. कुणी कळवत नाही. परिशिष्ट १ वर, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, तीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांची नावं, आणि हयात असलेल्या दोन्ही गटांपैकी कुणाचाच कागद सरळ नाही. मग जागेची किंमत वाढते आणि सगळ्यांना संस्थेचं प्रेम येतं. एखाद्या वाचनालयाचे बदल अर्ज, ठराव आणि सभेच्या नोटिसा दरवर्षी वेळेवर करून दिल्यात, तर तुम्ही त्या संस्थेला वीस वर्षांच्या भांडणातून वाचवलंत. याचा सत्कार होत नाही, कारण न झालेलं भांडण कुणाला दिसत नाही.

बारच्या राजकारणातून लांब राहा असं सिनिअर सांगतात. मी अर्धंच मान्य करतो. कामबंदला पाठिंबा देऊ नका. २००२ च्या हरीश उप्पल निकालानंतर वकिलांना संपाचा हक्क नाही हे स्पष्ट आहे, आणि पक्षकाराची तारीख जाते ती जातेच. पण बारची चिकाटी काय करू शकते हेही बघा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी हायकोर्टाच्या खंडपीठाची मागणी कित्येक दशकं लावून धरली, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. सावंतवाडीच्या माणसाला अपिलाच्या तारखेला मुंबई गाठावी लागणं आणि कोल्हापूर गाठावं लागणं, यातला फरक खिशाला कळतो.

वेळ कसा काढायचा? मी सगळी पॅनेलची आणि संस्थेची कामं खासगी कामांच्याच डायरीत, त्याच तारखेच्या पानावर लिहितो. वेगळी वही केली की ती मागे पडते. उद्घाटनं आणि सत्कार सरळ नाकारतो, लोक थोडे रागावतात आणि विसरतात. तुम्ही सुरुवातीला एकच काम धरा. माझं ऐकाल तर तुरुंगभेट धरा, कारण तिथे लागणारे अर्ज छोटे, परिणाम लगेच दिसणारा, आणि रिमांडपासून जामिनापर्यंतची फौजदारी प्रक्रिया हाताखालून जाते.

पहिल्या भेटीला जाताना प्राधिकरणाचं पत्र आणि ओळखपत्र न्या, मोबाईल गेटवर ठेवावा लागेल, म्हणून कोरे कागद आणि दोन पेनं लागतील. प्रत्येकाला हे विचारून लिहून घ्या : गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणं, अटकेची तारीख, दोषारोपपत्र आलं का, वकील आहे का आणि शेवटचा कधी भेटला, जामीन मागितला होता का, मंजूर होऊन अडकलाय का, पूर्वी शिक्षा झालीय का, दुसरी केस आहे का, घरच्यांचा फोन नंबर. मग कारागृह कार्यालयात वॉरंटवरून तारखा पडताळून घ्या आणि बाहेर आल्यावर त्याच दिवशी त्या घरच्या नंबरांवर फोन करा. बरेचसे लागणार नाहीत. जे लागतील त्यांच्याकडून आधारची प्रत आणि जामीनदाराचं नाव व्हॉट्सॲपवर मागवून घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी अर्ज टाकता येतो.